टर्कीचा सांगाडा आणि दुसऱ्या दिवशीचे सूप

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग, म्हणजे हाताशी आलेल्या पिकाबद्दल आणि वर्षभराच्या बऱ्याभल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण, हा मुख्यतः एकत्र जेवणाचा सण आहे, आणि त्या जेवणाच्या मधोमध अख्खी भाजलेली टर्की असते. पाहुणे उठून गेल्यावर ताटात जे मागे राहते त्यात छातीच्या मांसाचे काही काप, तंगडीला चिकटलेले तुकडे आणि सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे पक्ष्याचा सांगाडा असतो, जो अनेक घरांत त्याच रात्री केराच्या पिशवीत जातो. स्वयंपाकाच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ही नासाडी आहे; कारण भाजल्याने टर्की निम्मीच शिजलेली असते, तिच्या हाडांत, सांध्यांत आणि पंखांत असलेला चांगला अंश भट्टीच्या कोरड्या उष्णतेला दाद देत नाही, आणि तो बाहेर काढण्याचे काम दुसऱ्या दिवशीच्या सुपाचे असते.

इतके अन्न उरतेच का, याचे उत्तर या सणाच्या घडणीत आहे. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आणि वाम्पानोआग लोकांनी 1621 साली प्लिमथ येथे एकत्र घेतलेले सुगीचे जेवण या सणाचे मूळ मानले जाते; ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादिका सारा जोसेफा हेल यांनी राष्ट्रीय सणासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, अध्यक्ष लिंकन यांनी 1863 साली नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी तो पाळण्याची घोषणा केली, आणि 1941 साली अमेरिकी संसदेने चौथा गुरुवार कायद्याने ठरवून दिला. मोठ्या कुटुंबाला एका वेळी पुरेल असा एकच पक्षी म्हणून टर्की या जेवणाची मानकरी ठरली. माणशी सुमारे अर्धा किलो वजन धरावे, असा तिथल्या गृहिणींचा जुना हिशेब आहे, आणि सणाला आणल्या जाणाऱ्या टर्कीचे वजन सहा-सात किलोच्या घरात सहज जाते. कुटुंबे लहान झाली तरी पक्षी त्या मानाने लहान झाला नाही, त्यामुळे उरणे हे आता या सणात गृहीतच धरलेले असते.

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिका खंडातला पक्षी; युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्या कितीतरी शतके आधी मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला होता, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. त्याच्या नावांचा गोंधळ मात्र जगभर पसरलेला आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानाचे नाव दिले, तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावाचाही अर्थ ‘हिंदुस्थानातला’ असाच होतो, आणि पोर्तुगीज भाषेत तो आजही ‘पेरू’ आहे. हिंदुस्थानात या पक्ष्याची जी ठळक नोंद सापडते तिचा धागा गोव्याशी जोडलेला आहे: मुकर्रब खान या सरदाराने 1612 साली गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ वस्तूंत एक टर्की होती, जहांगीर बादशहाने सरड्यासारख्या रंग पालटणाऱ्या तिच्या डोक्यामानेचे वर्णन आपल्या आत्मचरित्रात केले, आणि त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

सूप समजून घ्यायचे तर आधी भाजण्यातली अडचण समजून घ्यावी लागते. टर्कीच्या छातीचे मांस पांढरे आणि तंगडीचे गडद असते. जे स्नायू दिवसभर चालण्याचे काम करतात त्यांना प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन अधिक लागते आणि त्यानेच मांसाला गडदपणा येतो, तर छातीचे स्नायू क्वचित घेतलेल्या झेपेपुरते वापरले जात असल्याने फिके राहतात. वापरल्या जाणाऱ्या स्नायूंभोवती आणि सांध्यांपाशी कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचे जाळे दाट असते. तीन पदरी दोरासारखी वीण असलेले हे प्रथिन कोरड्या भट्टीत फारसे सुटत नाही, पण पाण्यात, मंद आचेवर, पुरेसा वेळ राहिले की त्याचे पीळ उलगडतात आणि त्याचे जिलेटिन होते, म्हणजे गरम असताना पाण्यात विरघळणारा आणि थंडीत थिजणारा पदार्थ. छातीच्या मांसाची गोष्ट नेमकी उलटी आहे: ते सुरक्षित मानल्या जाणाऱ्या 74 अंश सेल्सिअसच्या पुढे जसजसे तापत जाते तसतसे त्यातले पाणी पिळून निघते आणि त्याचा चोथा होतो. भट्टीत हे दोन्ही भाग एकाच वेळी असल्याने स्वयंपाक करणाऱ्याला छातीकडे पाहून थांबावे लागते आणि हाडांचे काम अर्धवट राहते. सुपात मात्र हाडे आणि मांस वेगळे करता येतात, आणि चांगल्या सुपाचे जवळजवळ सगळे मर्म या वेगळे करण्यातच आहे: हाडांना तास लागतात, मांसाला मिनिटे पुरतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. कोल्हापुरात मटण नुसत्या पाण्यात शिजवून जे पाणी काढतात आणि ज्यावर पुढे पांढरा रस्सा बेतलेला असतो, त्याला ‘अळणी’ म्हणतात. इंग्रजी स्वयंपाकात ज्याला स्टॉक म्हणतात तो हाच पदार्थ, आणि अळणी हा शब्द त्याच्यासाठी अधिक नेमका आहे, कारण मीठ शेवटपर्यंत दूर ठेवणे हा त्याचा पहिला नियम आहे. बोकडाच्या पायांचे सूप रात्रभर ठेवले की सकाळी त्याची वडी पडावी इतके ते थिजते, ती करामतही जिलेटिनचीच. टर्कीच्या सांगाड्याची अळणी नीट जमली असेल तर फ्रिजमधून काढलेले भांडे हलवल्यावर ती पाण्यासारखी हिंदकळत नाही, थुलथुलते. वर चरबीचा फिकट पिवळा पापुद्रा असतो, तो चमच्याच्या कडेने अखंड उचलता येतो, आणि त्याखाली गढूळ मधाच्या रंगाचा थर दिसतो, ज्यात चमचा रोवला तर तो उभा राहतो. हा थर गरम होताच पातळ होतो, पण जिभेवर त्याचा भरीवपणा राहतो, आणि पिठाने दाट केलेल्या सुपाला तो कधी येत नाही.

कृतीची सुरुवात सांगाडा मोडण्यापासून होते. सुटे होईल तेवढे मांस हाताने काढून ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे, पोटात सारण भरले असेल तर ते पूर्ण खरवडून काढावे, कारण त्यातला पाव आणि मसाला पाणी गढूळ करतो, आणि मग पाठीचा कणा, बरगड्या, पंख आणि तंगड्यांची हाडे सांध्यांतून निखळवून पातेल्यात दाटीने बसवावीत. ही दाटी महत्त्वाची आहे; सांगाडा अख्खा ठेवला तर तो बुडवायला दुप्पट पाणी लागते आणि अळणी तितकीच पातळ होते. पाणी थंड घ्यावे आणि ते हाडांच्या दोन बोटे वर येईल इतकेच असावे, म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्याला साधारण चार लिटर. थंड पाण्यातून सावकाश तापत गेल्यास पाण्यात उतरणारी प्रथिने हळूहळू गोठून फेसाच्या रूपाने वर येतात आणि पळीने काढून टाकता येतात. भाजताना ट्रेच्या तळाशी जो खरपूस, तपकिरी थर चिकटून राहतो तो गरम पाण्याने सोडवून याच पातेल्यात ओतावा. प्रथिने आणि शर्करा यांच्या ज्या रासायनिक क्रियेने हा रंग आणि वास तयार होतो तिचे पहिले वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केले, आणि कच्च्या हाडांच्या सुपापेक्षा भाजलेल्या सांगाड्याचे सूप चवीला खोल लागते ते या क्रियेमुळेच.

पाणी एकदा उकळीला आले की आच इतकी उतरवावी की कडेने अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा. खळाखळा उकळू दिल्यास वितळलेली चरबी सूक्ष्म थेंबांत फुटून पाण्यात मिसळते आणि अळणी दुधाळ व तेलकट होते, मग ती कितीही गाळली तरी नितळ होत नाही. कांदा, गाजर आणि सेलरी ही अमेरिकी व फ्रेंच सुपांची ठरलेली त्रयी असून तिचे प्रमाण दोन भाग कांदा आणि एकेक भाग बाकी दोन असे सांगतात. परंतु भाज्या पहिल्यापासून टाकण्यापेक्षा शेवटचा तास उरला असता टाकणे बरे, कारण तासाभरात त्यांचा सगळा रस उतरतो आणि पुढे केवळ लगदा होतो. कांद्याची स्वच्छ बाहेरची साल तशीच ठेवली तर रंग सोनेरी येतो. सोबत अख्खी मिरी, अजमोद्याचे देठ, थाइमची काडी आणि बे लीफचे पान टाकतात. हे पान भूमध्य सागराकाठच्या लॉरेल झाडाचे असते, आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून त्याला दालचिनीसारखाच वास येतो, तेव्हा एकाच्या जागी दुसरे वापरले तर सुपाची चव वेगळीच होते. विक्रीची टर्की साधारण चार-पाच महिन्यांची, म्हणजे कोवळी असते, तिच्या कोलॅजेनचे धागे अजून घट्ट जखडलेले नसतात, म्हणून गाईबैलाच्या हाडांना जिथे आठ-दहा तास लागतात तिथे टर्कीला तीन-चार तास पुरतात. पंखाचे लहान हाड दोन बोटांत दाबताच चुरले की हाडांत देण्याजोगे काही उरलेले नाही, असे समजून आच बंद करावी.

ज्यांच्या घरी प्रेशर कुकर आहे त्यांचे हे काम तासाभरात होते, आणि येथे एक इतिहास आवर्जून सांगण्याजोगा आहे. कुकरचा पूर्वज मुळात हाडांसाठीच जन्माला आला. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे झाकण घट्ट बसवलेले आणि जादा वाफ सोडणारी झडप असलेले एक भांडे ठेवले, ज्याला त्याने ‘पाचक’ अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि गरिबांना टाकाऊ हाडांतून पोषण मिळावे हा त्यामागचा एक विचार होता. दाब वाढला की पाणी 100 अंशांऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते, आणि या उष्णतेत कोलॅजेन कितीतरी लवकर सुटते. शिवाय शिट्टी होऊ न देता मंद आचेवर ठेवलेल्या कुकरात पाणी खदखदत नाही, त्यामुळे अळणी बरीचशी नितळ राहते. पुढे वाफ आपोआप जिरू द्यावी, शिट्टी उचलून ती एकदम सोडल्यास आतले पाणी उसळते आणि सगळा नितळपणा जातो.

मिठाबद्दल अधिक सावध राहावे लागते. अमेरिकेत टर्की भाजण्याआधी मिठाच्या पाण्यात मुरवण्याची चाल फार आहे, दुकानातल्या पुष्कळ टर्कींत खारे पाणी आधीच टोचलेले असते, आणि ही सगळी मीठमात्रा सांगाड्यातून पाण्यात उतरते. पाणी आटत गेले की खारटपणा वाढतच जातो, म्हणून गाळून, चरबी काढून, चव पाहून मगच मीठ घालावे.

आता मांसाकडे. शिळ्या टर्कीला दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर एक विशिष्ट कळकट, पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि अनेकांचे त्या मांसावरचे मन त्यानेच उडते. या वासाला 1958 साली दोन संशोधकांनी ‘पुन्हा तापवल्याची चव’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तेव्हापासून तो अन्नशास्त्राचा स्वतंत्र विषय झाला आहे. पेशींच्या पडद्यांत असलेले असंतृप्त मेद हवेतल्या प्राणवायूने बिघडतात, शिजताना मायोग्लोबिनमधून सुटलेले लोह या क्रियेला वेग देते, आणि टर्कीच्या मांसात असे मेद अधिक असल्याने ते या बाबतीत विशेष नाजूक ठरते. उपाय या कारणातूनच निघतो. मांस हाडांवरून लवकर काढावे, हवा लागू न देता घट्ट झाकून ठेवावे, वर थोडी अळणी किंवा ग्रेव्ही ओतली तर उत्तमच, आणि सुपात ते अगदी शेवटी, आचेवरून उतरवण्यापूर्वी, नीट तापण्यापुरतेच टाकावे. सांगाड्याबरोबर मांसही तासन्‌तास उकळणाऱ्यांचे सूप चांगले होते, पण त्यातले मांस दोऱ्यांसारखे चावत राहावे लागते; ज्याने आपला सगळा रस पाण्याला दिला त्या मांसाकडून पुन्हा चवीची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा विषय थंड करण्याचा आहे. भट्टीतून काढलेली टर्की जेवणाच्या मेजावर गप्पांच्या ओघात चार-पाच तास पडून राहते, आणि दुसऱ्या दिवशी केलेल्या सुपाचे मोठे पातेले रात्रभर ओट्यावर राहते. दोन्ही चुका चांगल्या घरांतून होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे कवचबंद सुप्त अवस्थेतल्या पेशींच्या रूपाने उकळत्या पाण्यातही तग धरतो, आणि अन्न कोमट होऊ लागले की जागा होऊन वाढतो. 43 ते 47 अंशांच्या दरम्यान त्याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. मोठ्या प्रमाणावर शिजवून सावकाश निवू दिलेले मांस, ग्रेव्ही आणि सूप ही त्याची आवडती ठिकाणे आहेत, आणि या जिवाणूच्या विषबाधेच्या घटना अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरात अधिक दिसतात, हे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवलेले आहे. जेवणानंतर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. बहुतेकांना एका दिवसात बरे वाटते, परंतु लहान मुलांना आणि वृद्धांना हा त्रास जड जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या कृषिखात्याचा नियम असा की शिजलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, उरलेले मांस तीन-चार दिवसांत संपले पाहिजे आणि पुन्हा गरम करताना ते 74 अंशांपर्यंत तापले पाहिजे. अळणीचे खोल पातेले तसेच्या तसे फ्रिजमध्ये ठेवल्यास त्याचा गाभा कित्येक तास कोमटच राहतो. त्याऐवजी ती गाळून दोन इंच खोलीच्या पसरट भांड्यांत वाटावी, किंवा परातीत बर्फाचे पाणी घेऊन त्यात पातेले ठेवावे आणि अधूनमधून ढवळावे, म्हणजे अर्ध्या तासात ते फ्रिजमध्ये ठेवण्याजोगे होते. ज्यांना त्या दिवशी सूप करणे शक्य नाही त्यांनी सांगाडा मोडून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला तर तीन-चार महिन्यांनीही त्याची अळणी चांगली होते.

एकदा अळणी हाताशी आली की पुढचे सूप ज्या त्या प्रांताचे होते. मिनेसोटा राज्यात, जिथे देशातल्या सगळ्यात जास्त टर्की पोसल्या जातात, तिथे सुपात जंगली तांदूळ पडतो. तो खरे तर तांदूळ नव्हे, सरोवरांच्या उथळ पाण्यात उगवणाऱ्या गवताचे काळपट लांब बी आहे, ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि होडीतून फिरत काठ्यांनी झोडपून त्याची सुगी करतात. लुईझियानात हाडांच्या अळणीपासून गंबो होतो. त्यासाठी तेलात पीठ घालून ते चॉकलेटी रंगाचे होईपर्यंत न थांबता परतावे लागते, मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची, आणि दाटपणासाठी भेंडी किंवा ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड, जिचा उपयोग नव्या वसाहतकऱ्यांना चोक्टॉ लोकांनी शिकवला. घरोघरी मात्र साधे नूडल्सचे सूपच अधिक होते, आणि त्यात नूडल्स वेगळे उकडून वाढताना वाडग्यात घालणे शहाणपणाचे, कारण सुपात राहिलेले नूडल्स रात्रभर रस पिऊन फुगतात आणि सकाळी पातेल्यात द्रव उरतच नाही.

मराठी घराला सगळ्यात जवळचा वाटेल असा प्रकार अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांत होतो. कँटनी बोलणारे त्याला ‘जुक’ म्हणतात, म्हणजे तांदळाची पेज. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी टर्कीचा सांगाडा, आल्याचे जाड काप आणि धुतलेला तांदूळ एकाच पातेल्यात चढवतात, वाटीभर तांदळाला दहा वाट्या पाणी. दोन-अडीच तासांत तांदळाचे कण फुलून फुटतात आणि हाडांतले जिलेटिन व तांदळातले पीठ एकमेकांत मिसळून कोकणातल्या मऊ भाताहून पातळ, उकड्या तांदळाच्या पेजेहून गुळगुळीत असा पदार्थ तयार होतो. मग चिमट्याने हाडे वेचून काढतात, हाताने सोडवलेले मांस त्यात शेवटी टाकतात, आणि वाडग्यात वाढल्यावर पातीचा बारीक चिरलेला कांदा, पांढऱ्या मिरीची पूड आणि तिळाच्या तेलाचे दोन थेंब घालून थंडीच्या सकाळी न्याहारीला खातात.